हिराकसी शाईचे कागद : परभणी प्रांतांतील दप्तरांच्या रक्षणाचा विचार

(१) जुन्या दप्तराची गांठ सोडतांना संग्राहकाच्या मनांत एक समजूत ठाम असते. ती अशी कीं, कागद जितका जुना तितका तो जीर्ण असावयाचा व जितका अलीकडचा तितका धड असावयाचा. परभणी प्रांतांतील कागद हाताळणारास ही समजूत लवकरच सोडून द्यावी लागते. गंगाखेड, पाथरी, जिंतूर, सेलू, मानवत या बाजूच्या घराण्यांतील रुमाल आम्हीं सोडून पाहिले, तेव्हां एकच प्रकार वारंवार नजरेस आला. अठराव्या शतकांतील मोडी पत्र घडीवर थोडें फाटलेलें, कसरीनें कोठें कोठें टोचलेलें, परंतु अक्षरानें काळें कुळकुळीत व अंगानें मऊ. त्याच रुमालांतील, त्याहून शंभर वर्षांनीं लहान असलेला अर्ज, पावती किंवा वहीचें पान मात्र असें कीं, उचलतांच ओळीच्या ओळी गळून हातांत याव्या. आजोबा धड आणि नातू जर्जर, असा हा उलटा संसार आहे. याचें कारण काय, त्यावर आज उपाय कोणता, आणि तो उपाय कोणीं, केव्हां व कोणत्या मर्यादेंत करावा, एवढ्या तीन गोष्टींचा विचार प्रस्तुत लेखांत कर्तव्य आहे.

(२) प्रथम या प्रांतांतील कागदांचे थर ध्यानांत घेतले पाहिजेत. पाथरी हें आज तालुक्याचें गांव असलें तरी त्याची जुनी थोरवी मोठी आहे. अहमदनगरची निजामशाही व वऱ्हाडची इमादशाही यांच्यांत सोळाव्या शतकांत जो कलह झाला, त्यांत पाथरी हें एक मुख्य कारण होतें. आणि आइने-अकबरींत वऱ्हाड सुभ्याच्या सरकारांत पाथरी सरकाराची गणना केलेली आहे. पुढें आसफजाही अंमल बसला, आणि त्याच मुलुखांत मराठ्यांचा चौथाई-सरदेशमुखीचा हक्कही चालू राहिला. यामुळें एकाच देशमुख किंवा देशपांडे घराण्याच्या संग्रहीं फार्सी व मोडी असे दोन्ही कागद सांपडतात. तिसरा थर पहिले सालारजंग यांच्या दिवाणगिरींतील (इ. स. १८५३ ते १८८३) सुधारणांचा. इ. स. १८६५ च्या सुमारास जिल्हाबंदी झाली, परभणीस जिल्ह्याची कचेरी आली, छापील नमुने आले, नोंदवह्या आल्या, इ. स. १८८४ च्या सुमारास दरबारी भाषा म्हणून फार्सीच्या जागीं उर्दू आली. संस्थानी अंमल इ. स. १९४८ सालीं संपला, इ. स. १९५६ सालीं हा जिल्हा द्वैभाषिक मुंबई राज्यांत व इ. स. १९६० सालीं महाराष्ट्रांत आला, इ. स. १९९९ सालीं त्यांतून हिंगोली जिल्हा निराळा झाला. राज्यें बदललीं तसे कागद बदलले हें सर्वांस ठाऊक आहे. कागदाबरोबर शाईही बदलली, इकडे मात्र इतिहासकारांचें लक्ष फारसें गेलेलें नाहीं.

(३) जुनी देशी शाई म्हणजे काजळ. तिळाच्या किंवा दुसऱ्या तेलाच्या दिव्याचें काजळ धरावें, तें बाभळीच्या डिंकाच्या पाण्यांत दीर्घकाळ घोटावें, आणि बोरूनें लिहावें, ही तिची थोडक्यांत कृति. काजळ म्हणजे निव्वळ कोळसा. तो उन्हानें फिका पडत नाहीं, हवेशीं त्याचा संयोग होत नाहीं, आणि ज्या कागदावर तो बसतो त्यास अपाय करीत नाहीं. त्याचें एकच वैगुण्य आहे. डिंक पाण्यांत विरघळतो, म्हणून ओल लागली कीं अक्षर पसरतें. पोथीच्या शेवटीं लेखक तेलाची, पाण्याची व ढिल्या बंधनाची भीति नोंदवून ठेवीत. शाईची भीति त्यांनीं नोंदविली नाहीं, कारण त्यांची शाई त्यांची वैरीण नव्हती.

कागदही तसाच होता. दौलताबादेजवळील कागजीपुऱ्याचा व जुन्नरचा कागद महाराष्ट्रांत नांवाजलेला होता. चिंध्या, ताग, जुने दोर वगैरे चुन्याच्या पाण्यांत भिजवून, कुटून, धुऊन त्याचा लगदा होई. पत्र्यावर खळ देऊन तो गुळगुळीत दगडानें घोटीत. या कृतींतील चुन्याचा कांहीं अंश कागदांत राहतो, व हवेंतील किंवा घामाच्या हातांतील आम्ल तो मुकाट्यानें मारीत असतो. कागद्यांनीं चुना घातला तो तंतु मऊ पडावे म्हणून. पण त्या चुन्यानें पुढील तीनशें वर्षांची राखण केली.

(४) एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत कचेऱ्यांतून दुसरी शाई आली. बर्मिंगहॅमच्या यंत्रांवर निघालेले पोलादी टाक स्वस्त झाले, आणि टाकास काजळाची दाट शाई चालेना. ती टाकाच्या चिरेंत वाळून बसे. तेव्हां पातळ, तत्काळ वाहणारी व कागदांत मुरणारी शाई पाहिजे झाली. ही युरोपांत मध्ययुगापासून रूढ असलेली मायफळ व हिराकस यांची शाई होय. मायफळाच्या काढ्यांत हिराकस टाकला कीं द्राव प्रथम फिकट असतो. लिहिल्यावर हवा लागून तो काळा होतो. पाण्यानें ती धुपत नाहीं, खरडली तरी कागदांत डाग राहतो, म्हणून सरकारी लेखांस ती सर्वोत्तम समजली गेली. बाटल्यांतून मिळणारी निळी-काळी शाई हें तिचेंच सुधारलेलें रूप. तिचा एक दोष तेव्हांच्या कारकुनांसही माहीत होता, तो हा कीं टाक गंजून झिजे. जी शाई पोलादाचा टाक खाते ती कागद कसा सोडील, हा प्रश्न मात्र कोणीं विचारला नाहीं.

येथें एक सावधगिरीची सूचना अवश्य आहे. हिराकस आमच्या देशास नवा नव्हता. फार्सी लेखनविद्येंत काजळ, हिराकस, मायफळ व डिंक हीं चारही एकत्र करून शाई करण्याची रीत पूर्वींपासून होती, आणि इकडेही हिरड्याच्या काढ्यांत हिराकस घालण्याची युक्ति रंगारी व लेखक जाणत असत. यामुळें फार्सी फर्मान किंवा परवाना जुना आहे एवढ्यावरून तो निर्धोक समजूं नये. तरी ठोकळ मानानें बोलावयाचें तर या प्रांतांत बोरूचे कागद शाबूत आहेत व टाकाचे कागद धोक्यांत आहेत, असेंच म्हणावें लागतें. त्यांत भर अशी कीं, टाकाबरोबर गिरणीचा कागदही आला. त्याची खळ तुरटी व राळ यांची, आणि पुढें पुढें लगदा लांकडाचा. तुरटी स्वतःच आम्लधर्मी. चुन्याचा रक्षक गेला आणि आम्लाचा भक्षक आंत आला, तोही दोन दारांनीं.

(५) आतां हा भक्षक काम कसें करतो तें पाहूं. हिराकस म्हणजे लोह व गंधकाम्ल यांचा क्षार. मायफळांतील टॅनिक द्रव्याशीं लोहाचा संयोग होऊन काळा रंग बनतो, तेव्हां गंधकाम्ल मोकळें होतें. कागदाचा तंतु म्हणजे सेल्युलोज. ही लांबच लांब सांखळी असते. आम्ल व ओलावा मिळून त्या सांखळीच्या कड्या तोडतात. हा पहिला घात. दुसरा घात अधिक सूक्ष्म आहे. शाई करणारानें हिराकस प्रमाणाबाहेर घातला असेल, आणि बहुधा तो घातलेला असे, तर रंगांत न गुंतलेलें लोह कागदांत मोकळें राहतें. हें द्विसंयुजी लोह हवेंतील प्राणवायूस तंतूवर सोडण्याचें काम करतें, व तें करतांना स्वतः पुरतें खर्ची पडत नाहीं. फिरून फिरून तोच उद्योग चालवितें. म्हणजे आम्ल मारून टाकलें तरी लोह शिल्लक असेल तर कागदाचें जळणें थांबत नाहीं. ही गोष्ट वाचकांनीं विशेष ध्यानांत ठेवावी, कारण उपायांचें सर्व यशापयश हिच्यावर अवलंबून आहे.

परभणीचें हवामान या दोन्ही घातांस अनुकूल आहे. मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या वर जातो आणि माळवदाच्या घरांतील फडताळें तापतात. लागलीच मृगाचा पाऊस येऊन भिंतींस ओल चढते. कागद तडकतो उन्हाळ्यांत; पण त्याचा घात होतो पावसाळ्यांत, कारण ओलीबरोबर मोकळें लोह व आम्ल अक्षराच्या कडेबाहेर सरकूं लागतें. गोदाकांठच्या गांवांत पुराचें पाणी घरांत शिरलें तर मग विचारावयासच नको.

(६) रोगाच्या पायऱ्या चार मानल्या जातात. पहिलींत अक्षर काळें व कागद वरून निरोगी दिसतो; जंबुपार किरणांखालीं मात्र अक्षराभोंवतीं फरक दिसूं लागतो. दुसरींत अक्षर तपकिरी होतें, पानाच्या पाठीमागें उमटतें, व कडेला पिंगट वलय येतें. तिसरींत जाड शाईच्या जागीं, विशेषतः शिरोरेषेवर व सहीच्या फराट्यावर, बारीक चिरा पडतात. चवथींत अक्षरें गळून पडतात व कागदाची चाळण होते. मोडींत शिरोरेषा आधीं सबंध ओढून मग तिला अक्षरें लटकविण्याची चाल असल्यामुळें तिसऱ्या पायरीस पोहोंचलेलें मोडी पान ओळीओळीनें आडवें कापल्यासारखें सुटतें. देवनागरी किंवा इंग्रजी पानाहून मोडी पानाची ही विशेष दैना आहे.

काजळी शाई व हिराकसी शाई ओळखण्यास प्रथम डोळ्यांचा उपयोग करावा. काजळी अक्षर कागदाच्या अंगावर बसलेलें, किंचित् चकाकणारें व पाठीमागें न उमटणारें असतें. हिराकसी अक्षर कागदांत मुरलेलें व कडेला पिंगट. शंका राहिल्यास एक साधी परीक्षा आहे. बॅथोफेनँथ्रोलीन नांवाचें द्रव्य लावलेली कागदी पट्टी ऊर्ध्वपातित पाण्याच्या थेंबानें किंचित् ओली करून अक्षराच्या एका टोंकावर अर्धा मिनिट दाबावी. मोकळें द्विसंयुजी लोह असेल तर पट्टी गुलाबी होते. न झाल्यास तिच्यावर क जीवनसत्त्वाच्या सौम्य द्रावाचा थेंब टाकावा. तेव्हां गुलाबी झाली तर शाई लोहाची आहे, परंतु मोकळें द्विसंयुजी लोह तेथें नाहीं, असें समजावें. ही पट्टी हॉलंडांतील संशोधकांनीं प्रचारांत आणली. अर्थात् प्रत्यक्ष कागदावर ओल लावावयाची असल्यामुळें काजळी शाईवर ती दाबूं नये, हें सांगणें नलगे.

(७) उपायांचा इतिहास मुख्यत्वें चुकांचा इतिहास आहे, आणि तो सांगितल्याशिवाय आजचा उपाय सांगणें बरोबर होणार नाहीं. युरोपांत एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं पुसट झालेलीं अक्षरें वाचण्यासाठीं हस्तलिखितांवर मायफळाचा अर्क फांशीत. मिलान व व्हॅटिकन येथील ग्रंथपाल अँजेलो माइ यांनीं या रीतीनें पुष्कळ लुप्त ग्रंथ वाचून काढले, आणि त्यांची कीर्ति झाली. परंतु अर्क लावलेलीं पानें पुढें काळवंडलीं व दुसऱ्यास वाचतां येईनाशीं झालीं. वाचणारानें एकदां वाचावें आणि मागून येणारांनीं अंधारांत बसावें, असा तो सौदा होता. इ. स. १८९८ सालीं व्हॅटिकनचे ग्रंथपाल फ्रान्झ एर्ले यांच्या पुढाकारानें स्वित्झर्लंडांतील सेंट गॉल येथें हस्तलिखितरक्षणाची परिषद् भरली. शाईनें खाल्लेलीं पानें हाच तिचा एक मुख्य विषय होता. एर्ले यांचा भर जिलेटिनवर होता. त्याच सुमारास ड्रेस्डेनकडून झापोन नांवाच्या रोगणाचा मोठा पुरस्कार झाला. तें नायट्रोसेल्युलोजचें असल्यामुळें काळेंकरून स्वतःच पिवळें व आम्ल होतें हें मागाहून कळलें. जिलेटिन मात्र आजही वापरांत आहे.

आमच्या देशांत रेशमी जाळी चिकटविणें व पुढें सेल्युलोज ॲसिटेटचा पातळ पापुद्रा ॲसिटोननें बसविणें या रीति अभिलेखागारांतून रूढ झाल्या. दुसरी रीत दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारांत वाढली व तिनें असंख्य कागद हाताळण्याजोगे केले, हें कृतज्ञतेनें मान्य केलें पाहिजे. परंतु पापुद्रा म्हणजे पट्टी, औषध नव्हे. आंतील आम्ल व लोह आधीं आवरलें नसेल तर तें दोन पापुद्र्यांमध्यें कोंडून आपलें काम चालूच ठेवतें.

दुसऱ्यांच्या चुका सांगून आपली झांकणें उचित नव्हे. पुष्कळ वर्षांपूर्वीं परभणी जिल्ह्यांतील एका घराण्यानें आमच्या हवालीं एक वही केली. तींतील एक फाटकें पान आम्हीं मोठ्या हौसेनें गव्हाच्या खळीनें पातळ कागदावर चिकटविलें, दाबून वाळविलें, व आपण एक पुण्यकृत्य केलें असें मानिलें. कांहीं पावसाळे गेल्यावर तें पान पाहिलें तों शेजारचीं, न चिकटविलेलीं पानें होतीं तशींच होतीं. आमच्या हातचें पान मात्र प्रत्येक ओळीभोंवतीं पिंगट झालेलें, व चिकटविल्यामुळें ना सोडवितां येतें ना वाचतां येतें असें झालें होतें. खळींतील पाण्यानें लोह अक्षराबाहेर काढून सबंध पानभर पसरविलें होतें. त्या पानांत एका शेताच्या वांटणीचीं नांवें होतीं. त्यांपैकीं दोन नांवें आज कोणासही लागत नाहींत. नक्कल आम्हीं आधीं करून घेतली नव्हती. हा लेख लिहिण्यास जें निमित्त झालें तें हेंच पान होय.

(८) आजचा मान्य उपाय हॉलंडांतील रसायनज्ञ योहान नेव्हल यांनीं इ. स. १९९५ सालीं प्रसिद्ध केला. त्याचें मर्म एका ओळींत सांगतां येतें. आम्ल मारण्यापूर्वीं लोह बांधावें. लोह बांधणारें द्रव्य म्हणजे फायटिक आम्ल. तें धान्याच्या कोंड्यांत असतें. आमच्या ज्वारीच्या व गव्हाच्या कोंड्यांतही असतें. कोंडायुक्त अन्नांतील लोह शरीरास पुरतें लागत नाहीं असें वैद्य सांगतात, त्याचें कारण हेंच द्रव्य. पोटांत जो त्याचा दोष, तोच कागदावर गुण ठरला. मोकळ्या लोहास तें असें घट्ट धरतें कीं त्यास पुन्हा प्राणवायूशीं खेळ करण्यास सवड राहत नाहीं.

कृति सामान्यतः अशी. प्रथम शाई, शिक्के व रंग पाणी सोसतात कीं नाहीं याची परीक्षा. नंतर पान पाण्यानें, आवश्यक तेथें मद्यार्क मिसळून, सारखें भिजवितात; अर्धवट भिजविणें हेंच सर्वांत घातक. मग कॅल्शियम फायटेटच्या सौम्य द्रावांत, ज्याचें प्रमाण एका लिटरास सुमारें १·७५ मिलिमोल असतें व ज्याचा सामू ५ ते ६ च्या दरम्यान राखतात, तें पान ठेवितात. वर सांगितलेली पट्टी गुलाबी होण्याचें थांबेपर्यंत ही क्रिया चालते. त्यानंतर कॅल्शियम बायकार्बोनेटचा द्राव. यानें उरलेलें आम्ल मरतें व कागदांत थोडा चुना शिल्लक राहतो. वाचकांच्या लक्षांत येईल कीं, कागजीपुऱ्याच्या कागद्यानें जें आरंभीं केलें तेंच येथें शेवटीं करावें लागतें. सरतेशेवटीं जिलेटिनची खळ देऊन पानास पुन्हा अंग आणितात. सामू हा शब्द परभणीच्या शेतकऱ्यांस नवा नाहीं. मातीच्या परीक्षेच्या पत्रिकेवर तो त्यांच्या नित्य पाहण्यांत येतो.

या उपायाच्या मर्यादा स्पष्ट आहेत. गळलेलें अक्षर तो परत आणीत नाहीं, तुटलेली सांखळी सांधीत नाहीं. पुढील तोड मंद करतो एवढेंच. तिसऱ्या-चवथ्या पायरीचें पान पाण्यांत घातलें तर त्याचे तुकडे होण्याचा संभव असतो. ज्या पानावर हिराकसी व काजळी अशा दोन्ही शाया आहेत, किंवा पाण्यांत विरघळणारे शिक्के आहेत, तें या स्नानास अपात्र समजावें. अशा पानांसाठीं पातळ जपानी कागदावर जिलेटिन आधींच वाळवून ठेवितात, व अगदीं अल्प ओलीवर तो चिरेवर बसवितात. यांत औषध नाहीं, परंतु अपायही कमींत कमी आहे. आमच्या त्या वहीच्या पानास हीच रीत योग्य होती.

(९) लोहाहूनही तांबें क्रूर आहे. पोथ्यांच्या चौकटीस व चित्रांतील हिरव्या भागास जंगाल वापरीत. जंगाल म्हणजे तांब्याचा क्षार. जुन्या फार्सी व नागरी पोथ्यांत मजकूर शाबूत आणि चौकट मात्र सुरीनें कापल्यासारखी सुटून मजकुराचा चौकोन मोकळा झालेला पुष्कळांनीं पाहिला असेल. तो जंगालाचा पराक्रम होय. तांब्यावर फायटेटचा म्हणावा तसा अंमल चालत नाहीं, आणि स्लोव्हेनियांतील संशोधकांनीं यासाठीं निराळीं द्रव्यें शोधण्याचे प्रयत्न केले आहेत. पोथ्यांतील हरताळ, ज्यानें चुकलेलीं अक्षरें झांकीत व ज्यावरून ‘हरताळ फांसणें’ हा वाक्प्रचार निघाला, तो सोमलाचा क्षार असल्यामुळें विषारी आहे. अशीं पानें उघड्या हातांनीं चोळूं नयेत, व थुंकी लावून पान उलटण्याची संवय तर सर्वथैव सोडावी.

(१०) आतां एका आक्षेपाचा विचार केला पाहिजे. कांहीं विद्वान् म्हणतात कीं, मजकूर छापला किंवा त्याचें छायाचित्र घेतलें म्हणजे कागदाचें काम संपलें. मग मूळ राहिलें काय आणि गेलें काय सारखेंच. पेशवे दप्तरांतील निवडीचे ४५ भाग इ. स. १९३० ते १९३४ या काळांत छापून निघाले, म्हणून पुण्यांतील मूळ रुमाल कोणीं टाकून दिले नाहींत, हें त्यांस प्रथम उत्तर. दुसरें उत्तर अधिक महत्त्वाचें आहे. वतनें व इनामें यांच्या चौकशा जेथें जेथें झाल्या तेथें तेथें बनावट कागद निर्माण झाले, हें संशोधकांस सांगावयास नको. कागद खरा कीं बनावट याचा निर्णय छापील मजकुरावरून होत नाहीं. शाई, कागद, घडी, शिक्का व हस्तवळण यांची साक्ष घ्यावी लागते. शिवकालीन मिति घातलेलें मोडी पत्र जर टाकानें व हिराकसी शाईनें लिहिलेलें निघालें, तर तें संशयास्पद होय. एवढ्यावरून तें खोटें ठरत नाहीं, हें वरील चौथ्या कलमावरून दिसेलच. परंतु मूळ कागद नसता तर हा संशयही घेतां आला नसता.

यांतूनच एक अवघड प्रश्न निघतो. फायटेटचें स्नान लोहाची स्थिति बदलतें. धुण्यानें कांहीं द्रव्यें निघून जातात. म्हणजे कागद वांचवितांना आपण त्याची साक्ष अंशतः पुसतों. यासाठीं क्रम असा असावा. प्रथम अक्षरशः नक्कल. मग पुढील व मागील अशीं दोन्ही अंगांचीं छायाचित्रें, शक्य तर जंबुपार व अवरक्त प्रकाशांतही, कारण अवरक्तांत काजळ काळेंच राहतें व हिराकसी शाई फिकी होत जाते. मग पट्टीच्या परीक्षेची, सामूची व कागदाच्या जातीची टांचणी. आणि त्यानंतरच उपाय. केलेल्या उपायाची तारखेसह नोंद त्या कागदाबरोबरच राहावी. औषध देतांना रोग्याची पूर्वस्थिति लिहून न ठेवणारा वैद्य आपण चांगला मानीत नाहीं.

(११) शेवटीं गृहस्थ व संग्राहक यांस विनंति. उपरिनिर्दिष्ट स्नान घरीं करण्याचें नव्हे; तें शिकलेल्या हातांचें काम आहे. लखनौ येथील सांस्कृतिक संपदेच्या संरक्षणाची राष्ट्रीय अनुसंधानशाळा, राज्याचें पुराभिलेख खातें यांसारख्या ठिकाणीं या विषयाचें ज्ञान आहे, त्यांचा सल्ला घ्यावा. घरीं करण्याजोगें मात्र पुष्कळ आहे. हिराकसी कागद काजळी कागदांपासून वेगळे करावे, कारण शेजारच्या निरोगी पानावरही त्यांची पिंगट छाया पडते. प्रत्येक पान उघडें, घडी न घालतां, आम्लरहित कागदांत ठेवावें. चिकटपट्टी, खळ, तेलकट कागद, प्लास्टिकची बंद पिशवी यांपैकीं कांहींही लावूं नये. कडुनिंबाचा पाला, वेखंड, कापूर हे कसरीवर चालत असतील; शाईवर त्यांचा कांहींएक उपयोग नाहीं. ओल धरणारी बाहेरची भिंत व तापणारें माळवद यांपासून दूर, मधल्या खोलींतील लांकडी पेटी बरी. पावसाळ्यांत रुमाल सोडूं नये. आणि हें सर्व करण्यापूर्वीं नक्कल उतरून घ्यावी. निदान छायाचित्र तरी घ्यावें.

परभणी प्रांतांतील एकोणिसाव्या-विसाव्या शतकांचे कागद अद्याप ‘जुने’ म्हणून गणले जात नाहींत, म्हणूनच त्यांची हेळसांड होते. चारशें वर्षांच्या फर्मानास मखमलीचा रुमाल मिळतो व पणजोबांच्या वहीस उंदीर मिळतात. परंतु शेत कोणाचें, पाणी कोणाचें, दुष्काळांत कोणीं किती धान्य उसनें दिलें, हा सामान्य रयतेचा इतिहास त्या वह्यांतच आहे, आणि काळाच्या हिशेबानें आधीं जाणार आहेत त्या वह्याच. ज्यांच्या घरीं असे रुमाल असतील त्यांनीं येत्या दिवाळीनंतर, हवा कोरडी झाल्यावर, ते एकदां सोडून पाहावे आणि कोणतें पान कोणत्या पायरीवर आहे याची यादी करावी. यादी करण्यास रसायन लागत नाहीं; दोन स्वच्छ हात व एक दुपार पुरते. तेवढी झाली तरी प्रस्तुत लेखाचें काम झालें असें आम्ही समजूं.